रोज आठ तास

उन्नतीला शिसारी आली ती आधी क्लासच्या सरांची. अकरावी सायन्सच्या पोरांनी रोज घरी किती तास अभ्यास केला, कुठले धडे केले, ते महिन्याच्या तक्त्यात भरायचं आणि पालकांनी रोज सही करायची, असा वाशीच्या त्या क्लासचा नियम. एक तारखेच्या पालकसभेत सरांनी सगळे तक्ते भिंतीवरच चिकटवले. तेजसचे रोज आठ तास, राजनंदिनीचे नऊ. उन्नतीचे दोन.

"दोन तास तर पुस्तकावरची धूळ झटकण्यात जातात," सर म्हणाले आणि पालक खो-खो हसले. "या महिन्यात सहाच्या वर गेले नाहीत, तर हुशार पोरांची पहिली बॅच विसरा."

क्लास सुटतोच चारला, आणि तेजस नऊपर्यंत टर्फवर क्रिकेट खेळतो हे सगळ्या वर्गाला ठाऊक. तरी त्याची आई पुढच्या रांगेत मान ताठ करून बसलेली. इतकं धडधडीत खोटं, आणि वर ते मिरवायचं!

तिचे दोन तास खरे होते. जूनपासून रोज संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ती बसायची. धडा वाचायचा, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवायचं आणि चुका लाल पेनानं सुधारायच्या. सुरुवातीला कागद कोराच राहायचा, रडू यायचं. आता पानं भरत होती. समोर तिचे वडील, हिरामण, बसायचे. खारघरात चार मजली घर बांधून भाडेकरू ठेवलेला हा माणूस सातवीतच शाळा सोडलेला. फिजिक्समधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. "मिटलंस ना पुस्तक? मंग सांग आता," एवढंच म्हणायचे, आणि ती अडखळली की त्यांना बरोबर कळायचं. या दोन तासांचा उन्नतीला फार अभिमान होता.

सभेहून हिरामण तिला घेऊन घरी आले. सहा वाजले. उन्नतीनं पुस्तक काढलं. त्यांनी ते बाजूला सारलं, नव्या महिन्याचा कोरा तक्ता घेतला आणि एकामागून एक तीस सह्या ठोकल्या.

"भर. रोज आठ."

"पप्पा, तुमीच तर समोर बसता! तुमाला माहितीये ना किती ते?"

"माना सगलं ठावं हाय. पन चार मानसांत नाक कापलं माजं. लिव."

तिला वडिलांची किळस आली. असं कधी होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. पण पहिली बॅच तिलाही हवी होती. तिनं पेन उचललं. आठ, साडेसात, आठ. न वाचलेले धडे, न सोडवलेली गणितं. हिरामण शेजारी सरकून बसले आणि मन लावून बघू लागले.

"गनपतीचे दिवशी सहाच लिव," ते म्हणाले. "नायतर कोनाला पटंल?"

तक्ता पुरा झाला तेव्हा आठ वाजून गेले होते. पहिली ओळ आजच्याच तारखेची होती. तीत आठ तास लिहिले होते आणि पुस्तक उघडायचं राहूनच गेलं होतं.