कानाच्या आकाराचा तुकडा

मॅडमची नजर म्हणजे नजर, असं सगळी प्रयोगशाळा म्हणायची आणि ते ऐकताना मॅडमना कधी संकोच वाटला नव्हता. फुफ्फुसाच्या गाठीचा पातळ काप काचेवर ठेवला, की त्यात एक ठरावीक प्रथिन किती आहे ते तपकिरी रंगावरून त्या चटकन सांगत. रंग नसेल तर शून्य, गडद असेल तर तीन. रंग जितका गडद, तितका आजार उलटायचा धोका जास्त. पण प्रयोगशाळेत चाललेल्या नव्या औषधाच्या अभ्यासात दोन-तीनवाल्यांना ऑपरेशननंतर ते जादा औषध मिळायचं. शून्य-एकवाल्यांना नुसतं अधूनमधून तपासायला बोलवायचे.

काचेवर फक्त क्रमांक असायचा. दोन डॉक्टरांनी वेगवेगळं बघायचं, आकडे जुळले नाहीत तर एकत्र बसायचं. आणि तुकडा ओळखीच्या माणसाचा निघालाच, तर काच बाजूला ठेवून तिसऱ्या डॉक्टरकडे द्यायची. हा नियम मॅडमनीच घातला होता, तोही चांगला आवाज चढवून.

त्या सकाळी एक काच लावली आणि त्यांनी ती पाहताक्षणी ओळखली. तुकडा कानाच्या आकाराचा होता, पाळीपाशी फाटलेला. दादाच्या ऑपरेशनच्या दिवशी काढलेली गाठ प्रयोगशाळेत आली, तेव्हा तो त्यांनीच कापला होता; सुरी सरकली म्हणून फाटला होता. सख्ख्या भावाचं फुफ्फुस, आणि गाठभर गडद तपकिरी रंग.

काच बाजूला ठेवायला हवी होती. मॅडमनी ती ठेवली नाही. त्यांनी आकडा एक लिहिला आणि पुढची काच घेतली.

थोड्या वेळाने वहिनीचा फोन आला. "काही कळलं का हो वन्सं?"

"रंग फिका आहे, वहिनी. काळजी करू नका," मॅडमनी सांगितलं. तिकडे वहिनी रडायलाच लागली, आनंदाने.

दुपारी आकडे जुळवायला मुंगी आली. ही दुसरी डॉक्टर. काचेचा कोपरान् कोपरा सावकाश पालथा घालायची, म्हणून मॅडमनी तिचं हे नाव पाडलं होतं. घरी जेवताना तिच्या नकला करून त्या दादाला हसवायच्या. दोघी एकाच मायक्रोस्कोपला समोरासमोर डोळे लावून बसल्या.

"या काचेला माझे तीन आलेत," मुंगी म्हणाली. "तुमचा एक. एवढा फरक कधी पडत नाही आपला."

"काजळी आहे ती. तू रंग म्हणून धरलीस."

"काजळी काळी असते, मॅडम. आणि ती गाठीच्या पेशींत अशी सारखी पसरेल का?"

"का नाही पसरणार? अख्खा जन्म लोखंडाच्या भट्टीपुढे काढलाय त्याने! धूर खाऊन खाऊन..."

मॅडमची जीभ तिथेच थांबली, पण जायचं ते निघून गेलं होतं. काचेवर क्रमांकाशिवाय काही नव्हतं.

"कोणी?" मुंगीने हळूच विचारलं.

मॅडमचे कान तापले. डोळे वर करायची हिंमत होईना, म्हणून त्या काचेवरच्या तपकिरी रंगाकडेच बघत राहिल्या. "दादाने," त्या म्हणाल्या.

"एक दिला तर औषध मिळणार नाही, हे..."

"माहीत होतं गं."

माहीत होतं, हेच तर शरमेचं होतं. तीन लिहायला हात धजावला नाही, एवढंच. भाऊ राहिला बाजूला, आणि त्या नुसत्या आकड्याला गोंजारत बसल्या. वर वहिनीला शुभवार्ताही देऊन मोकळ्या झाल्या. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, पण खाली नुकतीच पुसलेली फरशी होती आणि समोर मुंगी.

मुंगीने काच अलगद काढली. "ही तिसऱ्यांकडे देते. आणि मॅडम, तुम्ही पाहिलेल्या बाकीच्या काचाही पुन्हा बघायला लागतील."

ती टोचून बोलली असती तर बरं झालं असतं. ती बरोबर तेच बोलली, जे मॅडम तिला बोलल्या असत्या, फक्त आवाज न चढवता.

संध्याकाळी तिसऱ्या डॉक्टरचा आकडा आला. तीन. मॅडमनी दाराला आतून कडी लावून घरी फोन केला. दादाने उचलला.

"काय गं, नजरबाई? वहिनी तुझी सकाळपासून गाणी म्हणतेय."

मॅडमनी सगळं सांगितलं. मध्ये कुठे "चुकून" म्हणावंसं वाटलं, ते गिळलं.

"म्हणजे औषध मिळणार ना आता?"

"मिळणार."

"मग रडतेस कशाला, वेडे?" तो हसायला गेला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. ती संपेपर्यंत मॅडम फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या.

"आणि मुंगी बोलली नसती तर?" त्याने विचारलं. आवाजात आता चेष्टा नव्हती.

"तर नसतं मिळालं, दादा."

"बरं," तो म्हणाला. "वहिनीला तूच सांग. मला नाही जमायचं." आणि त्याने फोन तिच्या हातात दिला.