रोकिया मकचिकचा मग

आधी त्या घरात राहणाऱ्या राधिकाने फ्लॅटच्या किल्ल्या देताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. गीझर दहा मिनिटं आधी लावायचा. कचऱ्याच्या शूटचं झाकण आपटायचं नाही. आणि समोरच्या मकचिकना चहा दिलास, तर आपल्या कपात दे. "त्या बोलत नाहीत काही, पण त्यांच्या नजरेतून सुटत नाही." पहिल्या दोन गोष्टी अनुजाने फोनमध्ये लिहून घेतल्या. तिसरी ऐकून ती म्हणाली, "हो गं." राधिकाला बोलायची सवयच आहे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. या मकचिकचं नाव रोकिया. सिंगापूरला, बेडोकच्या त्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर दोघींची दारं समोरासमोर होती. मकचिकचा नातू इरफान आणि अनुजाची चैत्राली एकाच बालवाडीत. अनुजाचा नवरा संकेत जहाजावर इंजिनियर, चार महिने पाण्यात. अनुजा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रेकॉर्ड सांभाळायची, घरी यायला साडेसहा. मधले दोन तास चैत्राली मकचिककडे असायची. म्हणजे मकचिकच अनुजाच्या घरी येऊन बसायच्या. त्यांच्या घरात मटण-मासे शिजतात, पोर काय खाईल कोण जाणे, म्हणून ही व्यवस्था. हॉलमध्ये कॅमेराही होता. तो चोरांसाठी, असं अनुजा सांगायची.

या सगळ्याचे मकचिक काही घ्यायच्या नाहीत. अनुजा घरी आली की तिच्या हातचा आल्याचा चहा घ्यायच्या आणि जायच्या. चहा कागदी कपात असायचा. "त्यांचं हलाल असतं ना, आपल्या भांड्यांचा त्यांना संकोच नको," असं अनुजा म्हणायची. अनुजाच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. संकोच कशाचा, हे मकचिकना कुणी विचारलं नव्हतं.

जुलैत बालवाडीत वांशिक सलोख्याचा दिवस यायचा होता. मिस लिमनी पालकांच्या ग्रुपवर विचारलं, कोण पुढाकार घेणार? अनुजा एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसली होती, तिने अंगठा टाकला. तिला वाटलं, अंगठा म्हणजे 'वाचलं'. अशा रीतीने नेतृत्व तिच्याकडे आलं. मग मात्र तिने मागे पाहिलं नाही. कोणत्या मुलाने काय घालायचं याचा तक्ता केला, कुणाच्या डब्यात काय चालत नाही याचा दुसरा तक्ता केला, आणि पाच मिनिटांचं भाषण लिहिलं. विषय होता, आमचं घर, सगळ्यांचं घर.

आठवडाभर आधी मिस लिमनी तिला एक फोटो पाठवला. खेळाच्या कोपऱ्यात चैत्राली छोटी नऊवारी नेसून भातुकलीचा चहा वाटत होती. वर्गातल्या वेदांतच्या हातात फुलाफुलांचा कप होता. इरफान आणि दोन चिनी मुलींच्या हातात कागदी कप होते, रंगकामाचे ब्रश धुवायचे असतात तसले. खाली मिस लिमनी लिहिलं होतं, "शी इज सो ऑर्गनाइज्ड. मी विचारलं असं का, तर म्हणाली, धिस वन फॉर आउटसाइड पीपल, लाह."

अनुजाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मागे दारात मकचिक उभ्या होत्या. एका हातात छत्री, एका हातात दोन दप्तरं.

त्या संध्याकाळी अनुजाने चहा टाकला. मकचिकनी पिशवीतून एक मग काढला. पांढरा, निळ्या काठाचा, एनॅमलचा.

"मी माझा आणलाय," त्या म्हणाल्या. "कागद वाया नको."

"मकचिक, तुमच्या हलालसाठी म्हणून मी..."

"मलाही आधी तसंच वाटलं. मग प्लंबर आला, त्याला कागद. दहाव्या मजल्यावरच्या मिसेस टॅन आल्या, त्यांना कागद. राधिका भेटायला आली, तिला काच." त्यांनी चहा प्यायला. "आलं छान आहे."

अनुजाने जहाजावर फोन लावला.

"माफी माग की," संकेत म्हणाला.

"मागणारच आहे. भाषणातच मागते, सगळ्यांसमोर."

"अगं, भाषणात कशाला? समोरचं दार..." आणि रेंज गेली. रेंज जाते तेव्हा समोरचा आपल्यासारखंच म्हणत होता असं धरून चालायची अनुजाची पद्धत होती.

भाषण तिने खरंच बदललं. चाळीस पालकांपुढे ती म्हणाली, "माझ्या घरात कपांच्या दोन फळ्या आहेत, आणि ते माझ्या मुलीने मला दाखवलं." एका बाबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. मिस लिम म्हणाल्या, "थँक यू, व्हेरी ऑनेस्ट. जेवण डावीकडे आहे, शाकाहारी टेबलावर हिरवा कागद आहे."

मकचिक इरफानची टोपी नीट करत होत्या. अनुजा हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्याजवळ गेली.

"चाळीस लोकांना सांगितलंस," मकचिक म्हणाल्या. "मला नाही सांगितलंस."

"म्हणजे... तुम्ही होतात ना समोर."

"होते. पाचव्या रांगेत." त्यांनी टोपी पुन्हा नीट केली. "चैत्रालीला मी आणीन, पोरीचा काय दोष. पण तुझ्या घरी आता येणार नाही. माझ्याकडे बसेल."

मग रोज साडेसहाला अनुजा समोरच्या दाराच्या जाळीबाहेरून लेकीला घेऊ लागली. कॅमेऱ्यात रिकामा सोफा दिसायचा. चैत्राली घरी येऊन सांगायची, "मकचिककडे सगळ्यांचे कप सेम आहेत. व्हाय आवर्स नॉट सेम?" चौथ्या दिवशी अनुजाने कागदी कपांचं अख्खं पाकीट शूटमध्ये टाकलं. झाकण आपटलं नाही. त्याने काही फरक पडला नाही.

शनिवारी सकाळी ती रिकाम्या हाताने गेली. काही घेऊन गेलं की ते द्यायच्या नादात बोलायचं राहतं, एवढं तिला कळलं होतं.

"आत येऊ?"

"दोन वर्षांत पहिल्यांदा विचारतेयस," मकचिक म्हणाल्या, आणि जाळी उघडली.

आत मासा तळल्याचा वास होता. काचेच्या पेल्यात चहा आला, कंडेन्स्ड मिल्कचा, दाट आणि गोडमिट्ट. मासेमटण शिजणाऱ्या घरातला काठोकाठ भरलेला पेला तिने ओठाला लावला. काही झालं नाही.

"चूक झाली, मकचिक," ती म्हणाली. "हलाल वगैरे खोटं होतं. पुण्याला आमच्या घरी रत्नाबाई कामाला यायच्या. त्यांचा कप गॅलरीत असायचा, वॉशिंग मशीनच्या मागे, कान तुटलेला. तो कुणी आत आणायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. मला माहीतच होतं."

"चैत्रालीसारखं."

"हो."

"किती वर्षं होत्या त्या?"

"चौदा."

"त्यांना कधी सॉरी म्हणालीस?"

"नाही."

"म्हणजे मी पहिली."

"हो."

मकचिकनी बशीतलं केळ्याचं भजं तिच्याकडे सरकवलं. "नंबर चुकला. आधी तिचा नंबर. तिच्याशी बोल, मग मी तुझ्याकडे चहाला येईन. तुझ्या कपात."

अनुजाने पुण्याला आईला फोन केला. आई म्हणाली, "कोण रत्ना? अगं, त्यांनी काम सोडून सहा वर्षं झाली. गुडघे गेले होते त्यांचे." फोन नंबर होता, तो आता दुसऱ्याच कुणाचा निघाला. आडनाव? आईने बाबांना विचारलं. बाबांनी शेजाऱ्यांना विचारलं. चौदा वर्षं रोज सकाळी सातला त्या बाई आल्या, आणि आडनाव कुणालाच माहीत नाही. अनुजाच्या तक्त्यात तो रकाना अजून रिकामा आहे. मकचिक रोज जाळीतून चैत्रालीला देतात आणि विचारतात, "लागला पत्ता?" अनुजा नाही म्हणून मान हलवते.

तेव्हा तुम्ही पुण्यात असाल, पर्वतीच्या बाजूला जाणं-येणं असेल, तर एवढं करा. जनता वसाहतीत, पाण्याच्या टाकीकडे चढणाऱ्या गल्लीत एक रत्नाबाई राहायच्या, एवढंच अनुजाच्या आईला आठवतं. साठीच्या आसपास, उजव्या पायाने लंगडत, चहा बिनसाखरेचा. मुलगा रिक्षा चालवायचा, बहुतेक. त्या बऱ्या आहेत का, गुडघ्यांकडे कुणी पाहतं का, तेवढं बघून या. त्यांनी चहा विचारला तर नको म्हणू नका. आणि निघण्याआधी त्यांचं आडनाव विचारा.