हिरामण बिल्डिंगचे टेकू

नागपुरात बर्डीच्या मेन रोडवरची हिरामण बिल्डिंग आज ना उद्या बसणार, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं, आणि तरी तिच्या गॅलरीखाली उभं राहून लोक निवांत चहा पीत होते. महापालिकेनं ‘अतिधोकादायक’ अशी लाल पाटी लावली, तर आजूबाजूचे दुकानदार गिऱ्हाइकाला पत्ता सांगताना ‘लाल पाटीच्या बाजूनं या’ म्हणू लागले. समोर बॅरिकेड उभे केले, तर एका मोजेवाल्यानं त्यांवर मोजे-रुमाल टांगून दुकान थाटलं. पाणी तोडलं, तर मागच्या हॉटेलवाल्यानं माणुसकी म्हणून नळी टाकून दिली. तुम्ही काहीही करा, बर्डी ते पचवून वर ढेकर देते.

हे सगळं करून पाहिलं होतं मयुरानं. महापालिकेच्या झोन ऑफिसातली ज्युनियर इंजिनिअर, तिशीच्या आतबाहेरची, स्वभावानं तापट, आणि नोकरीत अजून एवढी मुरलेली नव्हती की अशी बिल्डिंग पाहून घरी जाऊन सुखानं जेवावं. बिल्डिंगचा मालक रामदासपेठेत बसून ती आपोआप पडायची वाट पाहत होता. भाडेकरू कोर्टात गेले होते, आणि कोर्टानं निकाल लागेपर्यंत पाडायला मनाई केली होती. वरचे दोन मजले भीतीनं रिकामे झाले. उरले एकटे पहिल्या मजल्यावरचे गोपाळराव टेलर.

गोपाळराव म्हणजे लग्नाचे कोट आणि सफारी. अर्ध्या नागपूरचे नवरदेव त्यांच्या टेपातून गेलेले. हाताखाली काज-बटन करायला पायल होती, दोन लेकरांची आई. दुकानापुढच्या गॅलरीत दर उन्हाळ्यात कूलर बसायचा, आणि त्याचं पाणी वर्षानुवर्षं झिरपून स्लॅबमधलं लोखंड फुगलं होतं, गंजून सोलून निघालं होतं. पण ते एक वेळ परवडलं. खरी भीती खालच्या कॉलमची होती. त्याच्या भेगेत मयुराचं बोट जात होतं.

“काका, बोट जाते भेगेत,” ती तळमळून सांगायची. “अजून कशाची वाट पाहून राहिले?”

“माह्या घुटन्याचाबी आवाज येते मॅडम,” गोपाळराव दोरा ओवत म्हणायचे, “म्हनून का मले पाडून टाकान?”

पायल तोंडाला पदर लावून हसायची आणि मयुराच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. या हसणाऱ्या बाईची दोन लेकरं संध्याकाळी दाराशी वाट पाहत असतील, हे तिला तिथेच ओरडून सांगावंसं वाटायचं. सांगून पाहिलंही एकदा. पायल म्हणाली, “काका आहेत न इथं. त्यांले नसतं का समजलं?”

शेवटी मयुरानं गोपाळरावांच्या मुलाला गाठलं. पियूषचं मनीषनगरात मोबाइलचं दुकान होतं. “बाबा माह्यं ऐकूनच नाही राहिले मॅडम, तुम्हीच पाहा,” म्हणत त्यानं आधी हात वर केले. पण ती त्याच्या मागेच लागली. मग शेजारचा गाळा भाड्यानं घेतला गेला, रंग दिला गेला, ‘गोपाळ टेलर्स, बर्डीवाले’ असा बोर्डही लागला. तेव्हा कुठे म्हातारा वितळला. अक्षय तृतीयेचे कोट देऊन झाले, आणि एका सकाळी दोन्ही मशिनी, इस्त्री आणि कटिंगचा टेबल टेम्पोत चढले. मयुरा समोरच्या फुटपाथवर उभी राहून पाहत होती. त्या दिवशी तिनं सगळ्या ऑफिसला तर्री-पोहे खाऊ घातले. तिच्या सायबांनी दोन प्लेटा खाल्ल्या.

तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण बिल्डिंग रिकामी झाली म्हणून खालचा फुटपाथ थोडाच रिकामा झाला होता? चहावाला, मोजेवाला, कॉलेजच्या पोरी, सगळे तिथेच. साहेब म्हणाले, “आता रिकामी झाली न? मग कायची घाई? कोर्टाचं होऊ द्या.” मयुरा भांडली. पाडता येत नाही तर निदान गॅलरीला आणि कॉलमला टेकू तरी लावा, कोणाच्या डोक्यावर पडली तर काय सांगणार, म्हणून तिनं सायबांचं डोकं खाल्लं. अखेर ठेकेदाराचा माणूस संघपाल गाडीभर लोखंडी टेकू घेऊन आला. त्यानं फुटपाथवर ओळीनं टेकू उभे केले, वर आडवे गर्डर टाकले, कॉलमला चारी बाजूंनी आवळलं. काम झकास झालं. मयुराला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

आठवडाभरानं ती तिकडून जात होती, तर तिला शिलाई मशीनचा आवाज आला.

आधी वाटलं, दुसरीकडून येत असेल. मग तिनं खाली पाहिलं. प्रत्येक टेकूला हळद-कुंकू लागलं होतं. मधल्या टेकूला झेंडूचा हार होता आणि पायाशी फोडलेला नारळ. ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढली.

“या या मॅडम!” गोपाळराव उठूनच उभे राहिले. “पायल, मॅडमले पेढा दे. तुमचीच वाट पाहून राहिलो होतो.”

“काका, तुम्ही परत काहून आले?”

“म्हनजे? तुम्ही एवढा सपोर्ट लावून देला न!”

“तो तुमच्यासाठी नाही लावला! खालच्या लोकांसाठी लावला. बिल्डिंग तशीच आहे काका, कधीही बसन.”

गोपाळराव समजुतीनं हसले, हट्टी लेकराकडे पाहून हसावं तसे. “पाडाची असती त एवढं लोखंड कोन लावते, मॅडम? तुम्ही सरकारी मानसं, तोंडानं कबूल नाही करनार, समजते मले.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तिकडं मनीषनगरात दिवसभर बसून राहो मी. मानसं येत, चार्जर पाह्यजे म्हनत. माह्या हाताले तिथं कोनी वळखत नाही. पोरगा संध्याकाळी विचारे, आज काही आलं का बाबा? खरं सांगू, मरून गेल्यासारखं वाटे. तुम्ही हे टेकू लावले, अन् जिवात जीव आला.”

मयुराच्या हातातला पेढा तसाच राहिला. तिला त्या म्हाताऱ्याचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतंच रडू आलं. करायला गेले काय आणि झालं काय! महिनोन् महिने घसा कोरडा करून ज्याला बाहेर काढलं, त्याला तिनंच हात धरून आत आणून बसवलं होतं. पियूषला फोन केला, तर तो म्हणाला, “बाबा आत्ता कुठं दोन दिवसांपासून नीट जेवून राहिले मॅडम. मी नाही आणत त्यांले वापस.”

ती खाली उतरली. चौथ्या टेकूची पकड तपासत संघपाल उभा होता.

“संघपालभाऊ, काढून टाका हे सगळे,” ती म्हणाली.

संघपालनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. “काढतो न. पन मॅडम, आता सगळा भार यांच्यावर येऊन बसला. एकबी काढला त संध्याकाळपर्यंत राहत नाही बिल्डिंग.”

तिनं सायबांना फोन लावला. टेकू अजिबात काढू नका, माणसंही आत ठेवू नका, पोलीस बंदोबस्त मिळाला की बघू, असं ते म्हणाले आणि मीटिंगमध्ये गेले. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनंच खणलेली. टेकू काढावेत तर बिल्डिंग पडेल, ठेवावेत तर म्हातारा हलणार नाही. चहावाल्यानं तिला न विचारता अर्धा कप पुढे केला. वर मशीन धडधडत होतं आणि गर्डरच्या फटीतून चिमूटभर चुना खाली पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

गोपाळराव गॅलरीत आले. कठड्यावर हात टेकून त्यांनी खाली वाकून पाहिलं. मयुरा ओरडणार होती, पण त्याआधीच ते प्रेमानं म्हणाले, “मॅडम, एक काम सांगू का? मशीन चाललं का फरशी थोडी हालते. मशीनखाली एखादा टेकू लावून द्या न. आता सीझन आहे, दोन कारागीर अजून बोलावले मी.”

संघपाल मयुराकडे पाहत राहिला. गाडीत त्याच्याजवळ तीन-चार टेकू उरले होते.

मयुरानं डोळे पुसले. 

“काका,” ती वर पाहून म्हणाली, “मशीन नेमकं कोणत्या जागी आहे?”