उभा तुकडा

धाकट्याने करकचून ब्रेक दाबला आणि कापणीयंत्र जागच्या जागी हादरलं. पात्यांपासून हातभर अंतरावर, गव्हात, तितराची मादी अंड्यांवर बसून होती. जागची हलायला तयार नव्हती.

उभ्या पिकात शिरताना तो नेहमी भोंगा वाजवायचा. ससे, पाखरं, जे कोणी असेल त्याने पळून जावं म्हणून. लोक खिदळायचे, "गव्हाला बाजूला हो म्हणतोयस का रे?" पण अंड्यांवरची आई भोंग्याने कुठली उठायला!

थोरला भाऊ तरातरा आला. शेत दोघांचं, शब्द थोरल्याचा.

"काय झालं? बिघडलं का?"

"दादा, घरटं आहे. एवढा तुकडा राहू दे."

"तितरासाठी? डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

"पूर्वी बांधाबांधावर ओरडायची. यंदा ही एकच जोडी ऐकली मी." त्याने सपाट रानाकडे बोट केलं. "बांध मीच काढले ना, दादा."

ते खरंच होतं. यंत्राला वळायला जागा हवी म्हणून थोरल्याने सांगितलं आणि धाकट्याने झुडपांसकट सगळे बांध सपाट केले. दडायला काही उरलं नाही, तेव्हा ती बिचारी पिकातच बसली.

थोरल्याने कपाळाला हात लावला. "बरं, ठेव. पण खाटेएवढाच हं!"

धाकट्याला आभाळ ठेंगणं झालं. घरी बायकोला तेच तेच सांगत राहिला. "पिल्लं निघाली की तुला दाखवायला नेतो."

"अगदी बाळंतपणच काढताय की तुम्ही!" ती हसली.

सकाळी तिला राहवेना, म्हणून दोघं गेले. सगळं रान बोडकं आणि मधोमध तेवढाच तुकडा उभा, कुणाच्याही नजरेत भरेल असा. त्यावर कावळ्यांची झुंबड. तो ओरडत धावला. आत फुटकी कवचं होती, मुठीमुठीने पिसं होती, मातीत कोल्ह्याची पावलं होती. जागा आपणच दाखवून ठेवली, हे त्याला कळलं. बायकोने नुसता त्याचा दंड धरला.

मागून थोरला आला. त्याने ती कवचं पाहिली.

"तू चांगल्यासाठीच केलंस रे," तो हळूच म्हणाला. "आता तेवढं कापून टाक."

धाकटा यंत्रावर चढला. तुकड्याजवळ येताच त्याने भोंगा वाजवला. थोडा थांबला. पुन्हा एकदा वाजवला आणि मग यंत्र पुढे घेतलं.