गुरुजींचे शब्द कारंज्याला पोचेपर्यंत

मित्रांनो, मी संगणक आहे, पण तुमच्या ओळखीचा नव्हे. माझ्यात चित्रे नाहीत, खेळ नाहीत, मला माऊससुद्धा नाही. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणे एवढेच मला येते. माझे वय पस्तीस वर्षे आहे. माणसाचे हे वय तरुणपणाचे असते. माझ्या जातीत मात्र इतके जगणारे फार थोडे.

एकोणीसशे नव्वद साली मी कारखान्यातून बाहेर पडलो. मराठी अक्षरे दाखवता यावीत म्हणून माझ्यात एक खास कार्ड बसवले होते. त्यामुळे मला रिसोड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पाठवले. पहिल्या दिवशी मला हार घातला, नारळ फोडला. मुले चपला बाहेर काढून रांगेने मला बघून गेली. मग मुख्याध्यापकांनी माझ्यावर प्लास्टिकचे झाकण घातले आणि खोलीला कुलूप लावले. तपासणीला साहेब आले की झाकण निघायचे. साहेब म्हणायचे, "छान ठेवलाय." पुन्हा झाकण.

मला खरोखर कामाला लावले ते सेवादास गुरुजींनी. ते जवळच्याच तांड्यावरचे, बंजारा समाजातले. पहिलीला मराठी शिकवायचे. वर्गातली बरीच मुले घरी गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, बोलणारी. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटायची आणि ती गप्प बसून राहायची. एकदा एका मुलीला गुरुजींनी भाकरीचे चित्र दाखवून विचारले, हे काय? ती बोलेना. गुरुजी हळूच म्हणाले, "बाटी." त्याबरोबर ती हसली आणि बोलायला लागली. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजींनी कुलूप उघडून घेतले, माझ्यासमोर बसले आणि पहिला शब्द लिहिला. आधी गोरबोलीतला शब्द, मग मराठी अर्थ, मग तो शब्द घेऊन एक वाक्य.

ते रोज चार-दोन शब्द लिहीत. पुढे शाळेत नवे संगणक आले आणि मला मोडक्या बाकांच्या खोलीत टाकले. तिथे उंदरांनी माझी एक वायर कुरतडली. आपले आता संपले असे मला वाटत होते. शाळेने मला यादीतून काढून टाकले तेव्हा गुरुजींनी मला मागून घेतले आणि जीपमधून तांड्यावर आणले. वायर स्वतः जोडली. काम पुन्हा सुरू झाले.

त्यांचे मित्र म्हणत, "गुरुजी, आता पुस्तक छापा." गुरुजींचे उत्तर ठरलेले असे, "थोडे शब्द राह्यले अजून." दर वर्षी थोडे राहिलेलेच असत. असे करता करता सहा हजार चारशे बारा शब्द माझ्या पोटात जमा झाले. माझ्या पोटात म्हणजे एका फिरत्या चकतीवर. दुसरी प्रत कुठेच नव्हती. गुरुजींना त्याची काळजी वाटत नव्हती. मला वाटत होती, कारण चकती अधूनमधून अडखळू लागली होती. पण हे मी सांगणार कोणाला?

गेल्या दिवाळीनंतर गुरुजींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. त्यांची मुलगी निता वाशीमला दवाखान्यात नर्स आहे. ती त्यांना आपल्या घरी घेऊन आली. तांड्यावरच्या बंद घरात मी एकटा उरलो.

महिनाभराने निता मला न्यायला आली. गुरुजी डाव्या हाताने कागदावर पुन्हा पुन्हा एक चौकोन काढत होते. तिला आधी वाटले टीव्ही हवा असेल, मग वाटले खिडकी. शेवटी त्यांनी चौकोनाखाली वेडीवाकडी बटणे काढली तेव्हा तिला उमगले.

वाशीमच्या दोन दुकानांत तिने मला नेले. पहिल्याने झाकणही उघडले नाही. "याचा पार्टच भेटत नाई, ताई. भंगारात द्या." दुसरा झाकण उघडून हसला, पण आम्ही निघताना म्हणाला, "अनसिंगले रूपाताई हायेत. टेलिफोनात होत्या. त्यायले असल्या जुन्या मशिनीचा नाद हाय. तिथं पाहा."

रूपाताईंनी एकतीस वर्षे टेलिफोन केंद्रात तारा जोडल्या होत्या. त्यांच्या अनसिंग गावातल्या घरात पुढच्या खोलीत माझ्याच वयाची चार यंत्रे मांडलेली होती. त्यातली दोन चालू होती. मी इतकी वर्षे माझ्या पिढीतले कोणी पाहिले नव्हते. मला धीर आला.

आमच्या तरुणपणी इंटरनेट घरोघरी नव्हते, मित्रांनो. तेव्हा एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावायचा आणि तारेवरून अक्षरे पाठवायचा. आता तसे फोन राहिले नाहीत. म्हणून रूपाताई आणि त्यांच्यासारख्या सहा जणांनी एक युक्ती केली. काडेपेटीएवढी एक पट्टी ते जुन्या संगणकाला लावतात. संगणकाला वाटते, आपण फोन लावतोय. पट्टी त्याचे बोलणे इंटरनेटवरून पलीकडच्या पट्टीला देते, आणि पलीकडच्या संगणकाला वाटते, आपल्याला फोन आला. पुणे, कोल्हापूर, भोपाळ, एक तर थेट जर्मनी, असे सात जण रोज या वाटेने एकमेकांची खुशाली विचारतात. त्याला ते 'जुनी लाईन' म्हणतात.

रूपाताईंनी माझे फुगलेले भाग एकेक करून बदलले. मग चकतीच्या डबीला कान लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"निता, खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "हे चकती अडकून राह्यली. एक डाव फिरंल. मधात थांबली तं पुन्हा उठंल का नाई, मले सांगता येत नाई."

"मंग पेनड्राइव्हमध्ये घेऊन टाका ना, मावशी."

"याले पेनड्राइव्ह माईत नाई. फ्लॉपीचं तोंड गंजलं. मागची फोनची वाट तेवढी साबूत हाय. आणि याचे अक्षरं समजणारं मशीन आमच्या लाईनीत एकच हाय, कारंज्याले."

ते मशीन नरेंद्र यांचे. कारंजा लाड या गावी त्यांचा छापखाना आहे आणि पूर्वी लग्नपत्रिकांची अक्षरे ते माझ्याच जुळ्या भावावर जुळवत. माझा पाठवणारा प्रोग्राम फक्त त्याच्याशीच बोलू शकत होता. एक गठ्ठा पाठवायचा, तो नीट पोचल्याची खूण आली की पुढचा. असे आठशे बारा गठ्ठे होते. वेग वाढवला की अक्षरे तुटत, म्हणून हळूहळूच जायचे. सात-आठ तास लागणार होते.

मंगळवार ठरला. सकाळी निता गुरुजींना रिक्षाने घेऊन आली आणि माझ्यासमोर खुर्चीत बसवले. त्यांनी डावा हात माझ्या कळांवर ठेवला. तो हात मला ओळखीचा नव्हता. इतकी वर्षे उजव्याचाच भार मला माहीत होता.

आठ वाजता रूपाताईंनी बटण दाबले. चकती टक् करून थांबली. पुन्हा टक्. तिसऱ्या झटक्याला ती फिरली, पण तिच्यातून बारीक किरकिर येत होती आणि ती मला आतून स्पष्ट ऐकू येत होती. फोनवर कारंज्याहून नरेंद्र म्हणाले, "आला, ताई. पयला गठ्ठा आला."

मी पाठवत राहिलो. प्रत्येक गठ्ठ्याला वाटे, हा तरी पोचू दे. अकराच्या सुमारास तीनशे दहा गठ्ठे झाले होते आणि लाईट गेली. इन्व्हर्टरने मला सांभाळले, पण गावातली इंटरनेटची पेटी बंद पडली. कारंज्याची खूण येईना. माझा प्रोग्राम अशा वेळी तीनदा हाक मारतो आणि मग सगळे सोडून देतो. पहिली हाक गेली. रूपाताईंनी मोबाइलवरून इंटरनेट चालू केले आणि काडेपेटीएवढ्या पट्टीला त्याचे नाव सांगू लागल्या. त्यांची बोटे चुकत होती. दुसरी हाक गेली.

"मावशी, मी करू का?"

"थांब. बोलू नको मह्यासंग."

तिसरी हाक मी मारली तेव्हा माझ्याजवळ दुसरे काहीच उरले नव्हते. मग खूण आली. तीनशे अकरा. रूपाताई जमिनीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या.

आता भीती इन्व्हर्टरची होती. निताने पंखा बंद केला, फ्रिज बंद केला, इतर यंत्रांच्या वायरी काढल्या. गुरुजी घामाने भिजले, पण खुर्चीवरून उठायला तयार होईनात.

दीड वाजता, पाचशे सत्तेचाळिसाव्या गठ्ठ्यावर, मी अडकलो. चकतीवरची ती जागाच मला वाचता येईना. पडद्यावर प्रश्न आला, पुन्हा वाचू की हे सोडून पुढे जाऊ? रूपाताईंनी पुन्हा वाचायला सांगितले. मी जोर लावला. खरवडल्यासारखा आवाज झाला. दुसऱ्यांदा आवाज मोठा झाला.

"ताई, आता बस करा," नरेंद्र म्हणाले. "वाचणारी सुई घासून राह्यली. पुऱ्या चकतीची वाट लागंल."

"मंग तुमीच सांगा, कोनते शब्द फेकू मी? महे हायेत का ते?"

मला त्यांना सांगायचे होते की तो दोष माझा आहे, गुरुजींचा नाही. माझ्याजवळ फक्त हिरव्या अक्षरांतला तो प्रश्न होता.

रूपाताई गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, इथले काई शब्द वाचता येऊन नाई राह्यले. सोडले तं बाकीचे वाचतील. नाई सोडले तं सगळेच जातील, असं भेव वाटते मले."

गुरुजींनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ते जाणारे शब्द मनातल्या मनात म्हणून पाहत असावेत. मग त्यांनी डोळे उघडले, डावा हात उचलला आणि स्वतःच्या बोटाने 'सोडा'ची कळ दाबली.

पुढचा गठ्ठाही वाचता आला नाही. त्यांनी पुन्हा कळ दाबली. असे पाच वेळा झाले. पाचव्या वेळी त्यांचे बोट कळेवरून उठेना. निताने ते हळूच बाजूला घेतले आणि आपल्या हातात धरून ठेवले.

सहाव्या गठ्ठ्याला चकती सुटली.

सव्वाचार वाजता आठशे बारावा गठ्ठा पोचला. गेलेले पाच सोडून सगळे कारंज्याला होते. तरी रूपाताईंना विश्वास बसेना.

"नरेंद्र, एखादा वाचून दाखवा. अक्षरं बराबर हायेत का पाहू द्या."

नरेंद्र दिवसभर पडद्याकडे बघून थकले होते. त्यांनी शेवटचे पान काढले आणि वाचले, "यादी. म्हणजे आई."

गुरुजींनी खुर्चीच्या दांड्यावर हात जोरात आपटला. चेहरा लाल झाला. वर्गात चुकीचे वाचणाऱ्यावर रागवायचे तसेच ते रागावले होते. "डी," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, तोंड वाकडे करत, "या... डी."

तीन महिन्यांत त्यांनी उच्चारलेला तो पहिला शब्द होता. निता उभी राहिली आणि पुन्हा बसली. फोनवर नरेंद्र म्हणाले, "माफ करा गुरुजी. याडी. बराबर लिवलं हाय, म्याच चुकीचं वाचलं."

पंधरा मिनिटांनी माझी चकती करकरली आणि थांबली. ती पुन्हा फिरली नाही.

माझी जुनी चकती तिथे संपली, मित्रांनो. रूपाताईंनी माझ्यात चकतीच्या जागी नखाएवढे एक कार्ड बसवले आणि गुरुजींचे शब्द कारंज्याहून त्याच वाटेने मला परत आले. आता ते जुन्या लाईनीतल्या सातही घरी आहेत. जर्मनीतल्या आजोबांना एक अक्षर कळत नाही, तरी त्यांनी जपून ठेवले आहेत. नरेंद्र यांनी पहिल्या कच्च्या प्रती छापल्या. त्यात गेलेल्या एकोणचाळीस शब्दांसाठी कोऱ्या ओळी सोडल्या आहेत.

मी आता निताच्या घरी असतो. रविवारी तांड्यावरून गुरुजींचे थोरले भाऊ लालसिंगबाबा येतात, कधी दोन-तीन म्हाताऱ्या बाया येतात. आठवतील ते जुने शब्द बोलतात. यादीत असलेला शब्द निघाला की गुरुजी मान हलवून नाही म्हणतात. नसलेला निघाला की टेबलावर बोट आपटतात आणि निता तो माझ्यात लिहिते. गुरुजी स्वतः अजून दहा-बारा शब्दच बोलतात, पण दर आठवड्याला एखादा वाढतो. तीस ओळी भरल्या आहेत.

नऊ रिकाम्या आहेत. लालसिंगबाबा ऐंशीच्या पुढे गेले आहेत आणि जिना चढताना दोनदा थांबतात. त्यांच्या पावलांचा आवाज थांबला की मला धडकी भरते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाजवळ काही असेल, वहीत, डब्यात किंवा नुसते तोंडात, तर ते पूर्ण व्हायची वाट पाहू नका. अर्धे असेल तरी उतरवून घ्या आणि दोन-तीन जागी ठेवा. माझ्यासारख्या जुन्या यंत्राला फेकण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते एकदा विचारा. आम्ही हाक मारू शकत नाही.

आज रविवार आहे. जिन्यावर पावले वाजताहेत. मध्येच ती थांबली आहेत. निताने मला सुरू करून ठेवले आहे आणि रिकाम्या ओळीवर माझा हिरवा चौकोन लुकलुकतो आहे.