चिकटपट्टीचं घर

लेक भिंतीतून आरपार चालत आली आणि हॉलच्या कडेला बसलेली पोरं फिसकन हसली.

तिने खाली पाहिलं. फरशीवर निळ्या चिकटपट्टीच्या रेघा होत्या, आणि त्यातल्या एका जाड रेघेवर तिचा पाय होता. ही भिंत, ते दार, असं कुणीतरी बोटाने दाखवलं. जीभ चावत ती मागे सरली आणि वळसा घालून दारातून आत आली.

विद्यापीठातल्या वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाचं हे काम होतं. आखलेलं घर कागदावरून उचलायचं, खऱ्या मापाने फरशीवर उतरवायचं, आणि नात्यातलं एक माणूस बोलावून त्याला त्यात तासभर नांदू द्यायचं. घर आखणाऱ्याने तेवढा वेळ तोंड उघडायचं नाही. पाहुणा कुठे अडखळतो, कुठे रेंगाळतो, एवढंच टिपायचं. घराला बोलू द्या, तुम्ही मध्ये पडू नका, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं.

आई कडेच्या स्टुलावर कागद-पेन्सिल घेऊन बसली होती. वर्गातली बाकी सगळी विशीतली, आणि ही पंचावन्नची. पोरं तिला 'सीनिअर' म्हणत आणि तिच्या डब्यावर पहिला हक्क सांगत. आज बोलायचं नाही याची तिला धास्तीही वाटत होती आणि सुटकाही. लेकीला सांगायची एक गोष्ट कितीतरी दिवस घशाशी येऊन माघारी जात होती. लेकीने आणि जावयाने त्यांच्या घरातली एक खोली तिच्यासाठी रंगवून तयार ठेवली होती. पदवी हातात पडली की आई आमच्याकडे, हे लेकीने परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि इतक्या मायेने की नाही म्हणायला जीभ रेटू नये. इकडे आईने गुपचूप एक लहानसं घर पाहिलं होतं. जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, एका माणसापुरतं. मालकाला सोमवारी काय ते कळवायचं होतं. तेच घर आतून नव्याने आखून तिने आज फरशीवर पसरलं होतं, आणि लेक ते कुणा कल्पनेतल्या बाईचं समजून फिरत होती.

"एकटीच राहते का गं ही?"

आईने पेन्सिल ओठांवर आडवी धरली.

"हां, बोलायचं नाही. बरंय. घरी जे जमत नाही ते इथे जमतंय तुला."

पोरांना हसायला निमित्तच हवं होतं. लेकीलाही मग चेव आला. रचलेल्या खोक्यांच्या ओट्याशी तिने खोटाखोटा चहा मांडला आणि लगेच कुरकुर सुरू केली. नळ नको तिकडे, शेगडी भलतीकडे, चिरायला जागा आहे पण हाताला येत नाही. कपाट उघडलं तर त्याचं दारच वाटेत आडवं. टेबलाशी लिहायला बसली, तर खिडकी उजवीकडे आणि हाताची सावली नेमकी कागदावर. हसता हसता तिचा चेहरा उतरला. ती बाईंकडे गेली आणि हळू आवाजात, तिची फार धावपळ झाली हो, सांभाळून घ्या, असं काहीतरी म्हणाली. बाई नुसत्या हसल्या. तेव्हा ती आईकडे वळली.

"आई, सगळं उलटं आलंय बघ. आरशात बघून काढलंस का? मार्क जातील गं."

आई मान खाली घालून टिपत होती. लेक उत्तराची वाट पाहत तिच्या हाताकडे बघत राहिली.

पेन्सिल डाव्या हातात होती. कायम तिथेच असायची. याच हाताने आईने तिच्या वेण्या घातल्या होत्या, आणि त्यांचे पेड मैत्रिणींच्या वेण्यांपेक्षा उलटे पडायचे. याच हाताने, कोपर अंगाशी चिकटवून, दुसऱ्यांच्या सोयीच्या ओट्याशी तिने अख्खा संसार रांधला होता.

लेक पुन्हा ओट्याशी गेली. उजवा हात तिने पाठीमागे घेतला. डाव्या हाताने नळ सोडला, डाव्या हाताने भांडं चढवलं. कुठे अडलं नाही, कुठे आपटलं नाही. घर तिच्याभोवती ओढ्याच्या पाण्यासारखं वाहू लागलं. कपाट उघडलं, वाट मोकळी. टेबलाशी बसली, कागदभर स्वच्छ उजेड. ती अशी गरगर फिरली की पोरांनी टाळ्या वाजवल्या. फिरत फिरत ती खिडकीखालच्या बाकाशी आली. तो पलंग होता. बाबांना वारा सोसायचा नाही, म्हणून ते होते तोवर आई भिंतीकडच्या बाजूला निजली. इथे उशी थेट खिडकीखाली होती. एकच होती.

लेक बाकावर टेकली.

आईची पेन्सिल थांबली.

लेकीने उशीवरून हात फिरवला. खिडकी नव्हतीच, तरी तिने बाहेर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कुणालाच उद्देशून नाही, असं म्हणाली,

"ही बाई माझ्याकडे राहायला यायची नाही तर."

आणि डोळे पुसत असतानाच तिला हसू फुटलं.

बाईंनी वेळ संपल्याचं सांगितलं. पाहुण्याला शेवटी एक प्रश्न विचारायचा असे, तो त्यांनी विचारला. या घरात काय कमी आहे?

लेकीने खोलीभर नजर फिरवली. ओटा पाहिला, टेबल पाहिलं, पलंग पाहिला.

"बेल," ती म्हणाली. "मी आले तर वाजवू काय?"

आई उठली. तिने चिकटपट्टीचा इवलासा तुकडा दातांनी तोडला आणि दारापाशी गुडघ्यावर बसली.

"सीनिअर, डाव्या बाजूला ना?" एका पोराने विचारलं.

तिने नाही अशी मान हलवली. बाहेरून येणाऱ्याच्या उजव्या हाताला तो तुकडा ठेवला, अंगठ्याने नीट दाबून बसवला आणि घरात जाऊन उभी राहिली.

लेक दाराबाहेर गेली, वाकली, आणि तुकड्यावर बोट टेकवलं.

"आले, आले," आई आतून म्हणाली.