कोपरांची ठिगळं

माझा धाकटा सैन्यात टेलर होता. चार वर्षं मी हेच धरून चालले. लढाईत गेला तेव्हाही शाळेच्या मास्तरांना तेच सांगितलं. चौकात त्याच्या नावाचा दगड बसायचा होता, आणि खाली काय कोरायचं ते विचारायला मास्तर वही घेऊन आमच्या शिलाईच्या दुकानात आले होते.

"टेलर लिहा. छावणीवर बॉम्ब पडला असेल, त्यात गेला. उगाच त्याला तोफेवर चढवू नका. खोटं मला खपत नाही."

त्याच्या तुकडीतला सोबती त्याची ट्रंक पोचवायला आला होता. तो स्टुलावर मान खाली घालून बसलेला.

मी ट्रंक उघडली. वर्दी झटकून उजेडात धरली.

चाळीस वर्षं मशीन चालवतेय. कपडा बघून माणूस काय करतो ते सांगते. शिंप्याची पँट बुडाला झिजते. ही बुडाला कोरी करकरीत. गुडघे मात्र विरलेले, पोटावरची बटणं घासून सपाट, आणि दोन्ही कोपरांना ठिगळं. टीप मी शिकवलेली, अगदी तीच.

"हा बसून काम करत नव्हता," मी म्हटलं. "पोटावर सरपटत होता. काय रे, बोल की! तोंडात दोरा धरलायस का?"

सोबती रडायलाच लागला. "आई, तो सुरुंग शोधायचा. सगळ्यांच्या पुढे, जमिनीत बारीक सळई खुपसत. आम्हाला म्हणायचा, दाबू नका रे, सुईला वाट विचारत जायचं, आमची म्हातारी असंच शिकवते. शेवटचा एक त्याच्याखालीच फुटला."

दर फोनला मी त्याला टोचायचे, "बटणं लावतोस आणि शिपाई म्हणवतोस होय रे?" तो हसायचा. "काय करू आई, बसून बसून पोट सुटलंय."

लहानपणी ह्याचं खोटं मी दारातच पकडायचे. दारातच!

मास्तरांनी हळूच विचारलं, "काकू, मग टेलर खोडू?"

ठिगळाच्या टिपेवरून मी बोट फिरवलं.

"खोडा. सुरुंग काढायचा, असं लिहा. आणि आईला चार वर्षं पत्ता लागू दिला नाही, तेही लिहा."

"एवढं दगडावर मावणार नाही, काकू."

"मग मोठा दगड आणा."